बडोद्यातील नवोदितांसाठी: लिंक्डइनवरचे प्रोफाइल नीट कसे उभे करावे

बडोद्यातील मराठी घरांत नोकरीची बातमी अजूनही बरीचशी तोंडी फिरते. दांडिया बाजारातील कुणी ओळखीचे गृहस्थ मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतील (औद्योगिक वसाहतीतील) एखाद्या कारखान्यात असतात, ते आपल्या साहेबांच्या कानावर नाव घालतात आणि पुढचे बोलणे सुरू होते. ही वाट बंद झालेली नाही. मात्र नाव कानावर पडल्यानंतर ते साहेब किंवा त्यांचा एचआर विभाग बहुधा ते लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या संकेतस्थळावर शोधतो, आणि तेथे अर्धवट भरलेले, फोटो नसलेले पान सापडले, तर शिफारशीचे वजन तेवढ्याने कमी होते. हे पान कसे भरावे, हे मी स्वतः नोकरी बदलताना शिकलो आणि नंतर ओळखीच्या मुलामुलींना शिकवले. त्या सर्वांच्या शंका साधारण सारख्याच असल्यामुळे हा लेख क्रमाने लिहीत आहे.

आपल्या लोकांची खरी अडचण तांत्रिक नसते. आपली आरती आपणच ओवाळू नये, असे घरात शिकवलेले असते. त्यामुळे काही जण प्रोफाइलमध्ये काहीच लिहीत नाहीत, तर काही जण तो संकोच झटकण्याच्या भरात 'डायनॅमिक', 'पॅशनेट', 'रिझल्ट ओरिएंटेड' अशी उसनी विशेषणे ओळीने मांडतात. या दोन्हींच्या मधला मार्ग असा, की स्वतःची स्तुती करायची नाही, स्वतःचे काम सांगायचे. पुढील प्रत्येक पायरीला हेच सूत्र लावावे.

लिंक्डइनचे ॲप आता मराठीतही वापरता येते, पण प्रोफाइलचा मजकूर इंग्रजीतच ठेवावा, कारण उमेदवार शोधणारी माणसे इंग्रजी शब्द टाकूनच शोधतात. खाली बटणांची आणि रकान्यांची नावे इंग्रजी मांडणीप्रमाणे दिली आहेत.

आधी काय जमवून ठेवावे

पुढील गोष्टी हाताशी ठेवून एका बैठकीत काम केले, तर ते अर्धवट राहत नाही.

- पदवीचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका (नाव व वर्ष ताडून पाहण्यासाठी)
- प्रत्येक नोकरीचे नियुक्तिपत्र आणि अनुभवपत्र; अप्रेंटिसशिप केली असेल, तर तिचेही प्रमाणपत्र
- कायम स्वतःकडे राहील असा ईमेल पत्ता
- आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक
- अलीकडचा, एकट्याचा, स्वच्छ फोटो
- केलेल्या कामाचे आकडे लिहिलेली वही किंवा फाइल (हीच बहुतेकांकडे नसते, तिच्याविषयी चौथ्या पायरीत)

१. खाते, नाव आणि एक सेटिंग

नवीन खाते उघडण्यापूर्वी जुने खाते नाही ना, हे तपासा. कॉलेजात असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून खाते उघडलेले असते आणि ते विस्मरणात जाते. एकाच व्यक्तीची दोन प्रोफाइल दिसणे वाईटच, शिवाय लिंक्डइनच्या नियमांतही ते बसत नाही. अशी दोन खाती निघाली, तर एकातील ओळखी दुसऱ्यात हलवता येतात. मजकूर आणि शिफारशी मात्र हलत नाहीत, म्हणून कोणते खाते ठेवायचे ते आधी ठरवा. कॉलेजचा किंवा कंपनीचा ईमेल एकमेव पत्ता म्हणून देऊ नका. तो पत्ता बंद झाला, की पासवर्ड बदलणेही कठीण होते. दुसरा पत्ता जोडण्याची सोय आहे, ती वापरा.

नावाच्या बाबतीत गुजरातमधील कागदपत्रांचा एक खास घोळ असतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव, तेही पुष्कळदा 'भाई' जोडलेले, असा क्रम आढळतो. प्रोफाइलमध्ये स्वतःचे नाव आणि आडनाव एवढेच, आणि आधार व पदवी यांवरील स्पेलिंगशी जुळणारे लिहावे. पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि बायोडेटावर दुसरे असेल, तर कोणते चालवायचे ते येथेच पक्के करा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांसाठी पूर्वीचे नाव लिहिण्याचा वेगळा रकाना आहे. पदवी माहेरच्या नावाने असेल, तर तो जरूर भरावा. मोबाइल ॲपमध्ये दहा सेकंदांपर्यंत नावाचा उच्चार ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो. ज्यांच्या नावात 'ळ' किंवा 'ज्ञ' आहे, त्यांनी ही सोय वापरायला हरकत नाही.

शहराचे नाव 'वडोदरा' असेच निवडावे. आपण घरात बडोदे म्हणतो आणि विद्यापीठाच्या नावात 'बडोदा' आहे, पण शहर निवडून उमेदवार गाळणाऱ्याला यादीत 'वडोदरा'च सापडते.

आता ते सेटिंग. प्रोफाइलमध्ये बदल करताना त्याची वार्ता तुमच्या ओळखीच्यांना आपोआप जाऊ शकते. 'व्हिजिबिलिटी' विभागात जाऊन प्रोफाइलमधील बदल कळवण्याचा पर्याय आधी बंद करा. नोकरीत असताना हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण एका आठवड्यात तुमचे पान अचानक चकचकीत होऊ लागले, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला अर्थ लावायला वेळ लागत नाही.

खाते उघडताना मोबाइलमधील किंवा ईमेलमधील सर्व संपर्क जोडण्याची विनंती येते, ती नाकारा. ती स्वीकारून पुढचे बटण न वाचता दाबले, तर गॅसवाल्यापासून जुन्या घरमालकापर्यंत सर्वांना निमंत्रण जाऊ शकते. अमेरिकेत अशाच सोयीतून जाणाऱ्या स्मरणपत्रांवरून खटला झाला होता आणि २०१५ मध्ये लिंक्डइनने १.३ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली होती.

२. फोटो आणि पानाचा पत्ता

फोटोवर फार वेळ घालवू नये. सकाळच्या उजेडात खिडकीकडे तोंड करून, साध्या भिंतीपुढे, रोज कामावर घालता तसे कपडे घालून, दुसऱ्या कुणाकडून मोबाइलवर काढून घेतलेला फोटो पुरेसा असतो. तो निदान ४०० बाय ४०० पिक्सेलचा असावा आणि चौकटीत चेहरा ठळक दिसावा. लग्नातल्या फोटोतून स्वतःला कापून घेतलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात उरलेला फोटो लावू नये. मागच्या आडव्या पट्टीसाठी १५८४ बाय ३९६ पिक्सेल हे माप आहे; लक्ष्मी विलास पॅलेसचे चित्र तेथे सर्वच लावतात, त्यापेक्षा तुमच्या कामाशी संबंधित चित्र बरे.

पानाच्या इंटरनेट पत्त्यात सुरुवातीला नावापुढे अक्षर-अंकांची लांब शेपटी असते. ती काढून स्वच्छ पत्ता करून घ्या आणि मगच तो बायोडेटावर छापा, कारण पुढे पत्ता बदलला, तर छापलेला निरुपयोगी होईल.

३. हेडलाइन

नावाखालच्या या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे. शोधाच्या यादीत, निमंत्रणात, प्रतिक्रियेच्या शेजारी, सर्वत्र नावाबरोबर हीच ओळ दिसते, आणि यादीत तर तिचा पहिला तुकडाच दिसतो. म्हणून महत्त्वाचे शब्द आधी आले पाहिजेत. 'सीकिंग अपॉर्च्युनिटीज' किंवा 'अनएम्प्लॉइड' एवढेच लिहिणे म्हणजे ही जागा वाया घालवणे होय; नोकरी हवी असणारे लाखो आहेत, तुम्हाला काय येते हे त्यातून कळत नाही.

एक नमुना पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या मुलाने 'इंजिनिअर ॲट अमुक कंपनी' असे लिहिण्याऐवजी 'क्वालिटी इंजिनिअर, पॉवर ट्रान्सफॉर्मर, रूटीन टेस्टिंग, आयएस २०२६, वडोदरा' असे लिहावे. (२०२६ हे येथे साल नाही, पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठीच्या भारतीय मानकाचा क्रमांक आहे, आणि तो वाचताक्षणी ओळखणारा माणूसच तुम्हाला हवा आहे.) या ओळीत एकही विशेषण नाही, तरीही पद, वस्तू, काम, मानक आणि शहर या पाचही गोष्टी आल्या. विद्यार्थ्यांनी पदाऐवजी शाखा आणि अखेरच्या वर्षाचा प्रकल्प लिहावा.

४. अनुभव: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

कंपनीचे नाव लिहू लागताच खाली यादी उघडते. त्या यादीतूनच नाव निवडा, म्हणजे कंपनीचे बोधचिन्ह दिसते आणि त्या कंपनीत काम केलेल्यांमध्ये तुमची गणना होते. लहान वर्कशॉपचे पान लिंक्डइनवर नसेल, तर नाव हाताने लिहून पुढे जा. त्यात कमीपणा मानू नका. नावसाधर्म्यामुळे भलत्याच कंपनीचे चिन्ह लागले नाही ना, हे मात्र पाहा. कंत्राटदारामार्फत मोठ्या कारखान्यात काम करणाऱ्यांनी विशेष जपावे. कोयलीच्या रिफायनरीत तुम्ही काम केले, पण पगार कंत्राटदाराने दिला, तर नियोक्ता म्हणून कंत्राटदाराचेच नाव लिहावे आणि कामाचे ठिकाण वर्णनात सांगावे. पार्श्वभूमी तपासणीत अनुभवपत्राशी हे जुळले नाही, तर हातात आलेली नोकरी जाते.

त्यानंतर वर्णन, ज्याला २००० अक्षरांपर्यंत जागा मिळते. बहुतेक जण येथे नियुक्तिपत्रातील जबाबदाऱ्यांची यादी उतरवतात: 'विभागाची देखरेख', 'अहवाल तयार करणे', 'वरिष्ठांशी समन्वय'. या ओळी त्या पदावरच्या कुणाच्याही असू शकतात. त्याऐवजी प्रत्येक कामाविषयी स्वतःला तीन प्रश्न विचारा: वस्तू कोणती होती, तिचे प्रमाण किती होते, आणि माझ्या हातून तेथे काय बदलले?

समजा तुम्ही 'ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगचे काम पाहिले' असे लिहिले आहे. वस्तू कोणती? वितरणाचे लहान ट्रान्सफॉर्मर की मोठे पॉवर ट्रान्सफॉर्मर, आणि किती केव्हीएपर्यंतचे? काम कोणते? वाइंडिंग रेझिस्टन्स, टर्न्स रेशो, इन्सुलेशन रेझिस्टन्स, नो-लोड लॉस, यांपैकी कोणत्या चाचण्या तुम्ही स्वतः लावत होता आणि कोणत्या फक्त पाहत होता? महिन्याला साधारण किती नग तुमच्या हाताखालून जात? ग्राहकाचे निरीक्षक तपासणीला येत, तेव्हा त्यांच्यासमोर चाचणी तुम्ही घेत होता का? या उत्तरांतून तीन-चार ओळी तयार होतात, आणि मुलाखत घेणाऱ्याला पुढचे प्रश्न त्यांतूनच सुचतात. हे प्रश्न तुम्हाला उत्तरे येणारेच असतात, हा त्याचा मोठा फायदा आहे.

हीच रीत इतर कामांनाही लागू पडते. हिशेबनीसाने 'अकाउंट्स सांभाळले' असे न लिहिता टॅली वापरले की सॅप, जीएसटीची कोणती विवरणपत्रे स्वतः भरली, किती पुरवठादारांची खाती जुळवली, हे लिहावे. शिक्षिकेने इयत्ता, विषय आणि माध्यम लिहावे. अलकापुरीतल्या एखाद्या दुकानात विक्रीचे काम करणाऱ्याने मालाचा प्रकार, हाताखालची माणसे आणि स्टॉक ठेवण्याची पद्धत लिहावी. आकडे नेमके आठवत नसतील, तर 'सुमारे' लिहा, पण फुगवू नका. बडोद्याचे औद्योगिक जग दिसते तितके मोठे नाही. नंदेसरी, सावली, वाघोडिया या इथल्या औद्योगिक वसाहतींपैकी एकीतला माणूस दुसरीत कधी ना कधी काम करून आलेला असतो, आणि फुगवलेला आकडा कुणाच्या ना कुणाच्या नजरेस पडतो.

म्हणूनच ती वही हवी. दर महिन्याच्या अखेरीस चार ओळी टिपून ठेवल्या, तर दोन वर्षांनी प्रोफाइल भरताना आठवणीवर विसंबावे लागत नाही. वहीत आणि प्रोफाइलमध्ये काय येऊ नये, हेही ठरवून घ्या: ग्राहकाची रेखाचित्रे, दर, रासायनिक प्रक्रियेतील प्रमाणे, कारखान्याच्या आतले फोटो. नियुक्तिपत्रात गोपनीयतेची अट असते आणि ती नोकरी सोडल्यानंतरही लागू राहू शकते.

मध्ये खंड पडला असेल, तर तो तारखा ओढूनताणून झाकू नये. २०२२ पासून लिंक्डइनवर 'करिअर ब्रेक' असा स्वतंत्र पर्याय आहे. मुलांचे संगोपन, घरातील आजारपण, शिक्षण अशी कारणे त्यात निवडता येतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत गेलेली वर्षेही येथे एका ओळीत सांगून मोकळे व्हावे.

५. अबाउट

स्वतःविषयी लिहिण्याच्या या विभागाला मर्यादा २६०० अक्षरांची आहे, पण तेवढे लिहिण्याची सक्ती नाही. पान उघडल्यावर पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर 'सी मोअर' दाबल्यावर उघडतो. म्हणून पहिल्या दोन वाक्यांत सध्याचे काम आणि त्यातील तुमचा खास भाग सांगावा, त्यानंतर येथवर कसे आलात ते थोडक्यात, आणि शेवटी पुढे कोणते काम हवे आहे ते. प्रथमपुरुषी लिहावे, स्वतःविषयी 'ते एक अनुभवी अभियंता आहेत' अशा थाटात लिहिले, तर वाचणाऱ्याला निरोप समारंभातील मानपत्र ऐकल्यासारखे वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून हा मजकूर लिहून घेणे आता सोपे झाले आहे. व्याकरण सुधारण्यासाठी त्यांचा उपयोग अवश्य करा, पण माहिती तुमची असू द्या. त्यांनी घातलेला जो शब्द तुम्ही मुलाखतीत तोंडाने उच्चारणार नाही, तो काढून टाका.

६. शिक्षण, कौशल्ये आणि भाषा

सयाजीराव विद्यापीठाचे नाव यादीतून पूर्ण स्वरूपात निवडा. नुसते 'एमएसयू' लिहू नका, कारण त्या आद्याक्षरांची विद्यापीठे परदेशातही आहेत. फॅकल्टीचे नाव वर्णनात लिहावे. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांनी 'फीचर्ड' विभागात निवडक कामे लावावीत. त्यांच्या बाबतीत तीच खरी पदवी ठरते.

कौशल्ये शंभरपर्यंत जोडता येतात, पण 'एमएस वर्ड' आणि 'हार्ड वर्क' यांनी ती भरू नयेत. ज्या नोकरीवर डोळा आहे तिच्या चार-पाच जाहिराती शेजारी ठेवा आणि त्यांत वारंवार येणारे जे शब्द तुम्हाला खरोखर लागू पडतात, ते त्याच स्पेलिंगने उचला.

भाषांचा रकाना बडोद्यातील मराठी माणसाने कधीही रिकामा सोडू नये. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषांत काम करू शकणारा माणूस पुणे आणि गुजरात या दोन्हीकडे व्यवहार असलेल्या कंपनीला सहज मिळत नाही. आपल्याला मात्र ते इतके अंगवळणी पडलेले असते, की सांगण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. प्रत्येक भाषेपुढे पाच पातळ्यांपैकी एक निवडता येते. बोलता येते पण लिहिता येत नाही, अशी गुजराती असेल तर मधली पातळी निवडावी.

७. पडताळणी आणि शिफारशी

भारतात डिजिलॉकरमधील आधारच्या आधारे ओळख पडताळून घेता येते आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. नावापुढे पडताळणीची खूण दिसते. खोटी प्रोफाइल फार झाल्यामुळे या खुणेला आता किंमत आली आहे. मोबाइल क्रमांक आणि घरचा पत्ता मात्र सर्वांना दिसेल असा ठेवू नका, आणि खात्यासाठी दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर कोडही मागणारी सोय) सुरू करा.

शिफारस मागताना 'सर, दोन शब्द लिहून द्या' एवढेच म्हटले, तर 'मेहनती आणि प्रामाणिक' एवढेच पदरात पडते. ज्यांच्या हाताखाली काम केले त्या साहेबांना किंवा मॅडमना आधी फोन करावा आणि नंतर लिहून पाठवताना एखाद्या विशिष्ट कामाची आठवण द्यावी: अमुक ऑर्डरच्या वेळी तपासणीचे वेळापत्रक मी आखले होते, त्याविषयी आपण दोन ओळी लिहाल का? तुमची स्तुती येथे दुसरा माणूस करतो, त्यामुळे संकोचाचे कारण उरत नाही.

८. ओळखी जोडणे

पान भरून झाल्यावरच निमंत्रणे पाठवा. सुरुवात वर्गमित्र, शिक्षक आणि जुने सहकारी यांच्यापासून करावी. त्यानंतर विद्यापीठाच्या पानावरील 'ॲलम्नाय' हा भाग उघडा, जो नवोदितांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. तेथे माजी विद्यार्थी कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत आणि कोणत्या प्रकारच्या कामात आहेत, हे गाळून पाहता येते. तुमच्याच फॅकल्टीतून पुण्याच्या एखाद्या कंपनीत गेलेली मंडळी अशी काही मिनिटांत सापडतात.

अनोळखी व्यक्तीला निमंत्रणासोबत चिठ्ठी पाठवावी. मोफत खात्यावर अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, त्यामुळे त्या विचारपूर्वक खर्च करा. 'नमस्कार, मी सयाजीराव विद्यापीठाच्या इलेक्ट्रिकल शाखेत अखेरच्या वर्षाला आहे. आपण टेस्टिंगमधून डिझाइनकडे वळल्याचे पाहिले. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर आधी शिकावे, हे सांगाल का?' एवढे पुरे. पहिल्याच चिठ्ठीत नोकरी मागू नये, बायोडेटा तर मुळीच जोडू नये. उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी एकदा आठवण करणे ठीक, त्यानंतर नाही.

९. 'ओपन टू वर्क', प्रीमियम आणि फसवणूक

'ओपन टू वर्क' दोन प्रकारे लावता येते: फक्त रिक्रूटरना (कंपन्यांसाठी उमेदवार शोधणाऱ्यांना) दिसेल असे, किंवा फोटोभोवती हिरवी पट्टी येऊन सर्वांना दिसेल असे. नोकरी नसलेल्यांनी आणि नवपदवीधरांनी हिरवी पट्टी निःसंकोच लावावी. नोकरीत असणाऱ्यांनी पहिला प्रकार निवडावा, तोही हे जाणून की तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ही माहिती लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करते, पण पूर्ण हमी देत नाही.

प्रीमियमची, म्हणजे लिंक्डइनच्या सशुल्क खात्याची, मोफत मुदत घेताना कार्डाचा तपशील द्यावा लागतो आणि मुदत संपताच पैसे कापले जातात. घ्यायचीच असेल, तर प्रोफाइल पूर्ण झाल्यानंतर, प्रत्यक्ष अर्ज करण्याच्या महिन्यात घ्या आणि रद्द करण्याची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये नोंदवा.

प्रोफाइल चांगले झाले, की खरे रिक्रूटर येतात तसे खोटेही येतात. त्यांची लक्षणे ठरलेली आहेत: पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर यायला सांगणे, मुलाखतीविना नियुक्तिपत्र, कंपनीच्या ईमेलऐवजी साध्या जीमेलवरून पत्रव्यवहार, आणि शेवटी 'रजिस्ट्रेशन', 'लॅपटॉप डिपॉझिट' किंवा 'ट्रेनिंग फी' या नावाखाली पैशांची मागणी. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवा, त्याचे प्रोफाइल लिंक्डइनवर रिपोर्ट करा आणि संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पैसे गेलेच असतील, तर घरच्यांना कसे सांगावे या विचारात वेळ न घालवता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.